पुष्करिणीचे दोन प्रयोग

"चौगुले, वेळेचे मालक आता तुम्ही," बेहेरेबाई म्हणाल्या आणि टेबलावरची पितळी घंटा त्यांनी माझ्याकडे सरकवली. "तीन तास. वर एक मिनिट झालं तरी संघ बाद. दहा मिनिटं उरली की घंटा द्यायची. आणि वन्समोर मिळणार नाही, हे पडदा उघडायच्या आधी तुम्हीच लोकांना सांगायचं."

"सांगतो की," मी म्हणालो.

मागं उभा असलेला मगदूम फिस्सकन हसला. त्याचं सायकलचं दुकान माझ्या घड्याळाच्या दुकानाला लागून, त्यामुळं माझी सगळी अंडीपिल्ली त्याला ठाऊक. "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या बाईंनी," तो माझ्या कानाशी पुटपुटला.

त्याचं खोटं नव्हतं. ही गोष्ट चौऱ्याहत्तर सालातली. तेव्हा सांगलीत कुठंही संगीत नाटक असलं आणि पद रंगलं, की पहिला वन्समोर बाहुबली चौगुल्याचा, हे ठरलेलं होतं. एकदा तर विष पिऊन पडलेल्या नायिकेला मी पुन्हा बसवून गायला लावलं होतं, आणि ती बिचारी गाऊन पुन्हा मेली. आमच्याकडं यात कुणाला वावगं वाटत नाही. पद आवडलं तर दुसऱ्यांदा मागायचं, आणि मागितलं की नटानं द्यायचं.

पण ही स्पर्धा होती. पाच दिवस, दहा संघ. परीक्षकांत बेहेरेबाई मुख्य. त्यांनी उभी हयात रंगभूमीवर काढली होती आणि त्यांच्या एका भुवईला नाटकमंडळी टरकून असत. वेळ मोजायला घड्याळजी बरा, म्हणून समितीनं मला पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात टेबल, दिवा आणि घंटा देऊन बसवलं. चार दिवस मी ओठ शिवून काढले. खरं सांगायचं तर ओरडावंसं वाटेल असं कुणी गायलंच नाही.

पाचव्या दिवशी दुपारी दोनला विट्याच्या संघाचं 'संगीत पुष्करिणी' लागलं. संघ कसला, हातमाग-यंत्रमागावरची माणसं आणि त्यांना गोळा करून नाटक बसवणारे एक प्राथमिक शिक्षक, रोकडे गुरुजी. पडदा उघडायच्या आधी मी मागं जाऊन नियम सांगून आलो. गुरुजींनी हात जोडले.

"साहेब, आमच्या मंदाकडं जरा लक्ष असू द्या. म्हणजे तसं नव्हे, वशिला नव्हे," ते घाईनं म्हणाले. "पहिल्या येणाऱ्या गायक नटाला तीन वर्षं मिरजेत राहून शिकायला मिळणार आहे ना, त्यासाठी आलोय. पोरगी माझ्याकडं जेवढं होतं तेवढं शिकली. माझी विहीर आटली आता. घरचे म्हणतात, नंबर आला तर जा, नाहीतर मागावर बस."

मंदा म्हणजे मंदाकिनी दिवटे. कोपऱ्यात बसून पायाला आळता लावत होती. अठरा वर्षांची, सावळी, हाडापेरानं मजबूत. तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. मला वाटलं, ही नायिका? आमच्या सांगलीत नायिका म्हटली की नाजूक लागते. मी मनातल्या मनात विट्याचा निकाल लावून जागेवर येऊन बसलो.

पुष्करिणी ही नावाड्याची मुलगी. राजपुत्र तिच्या नावेतून नदी पार करतो, प्रेमात पडतो, लढाईवर जातो आणि परत येत नाही. गोष्टीत काही राम नव्हता. पण ही पोरगी वल्हं घेऊन आली ती असं वल्हं धरून, की जड आहे हे शेवटच्या रांगेला कळावं. आमच्या नायिका वल्हं धरतात ते पंखा धरल्यासारखं. मी जरा सावरून बसलो.

पहिल्याच पदात तिचा आवाज कळला. गोड नव्हता. वरच्या षड्जावर गेला की किंचित खरखरायचा, आणि ती खरखर ती लपवायला जात नव्हती. दुसऱ्या अंकात तर मी चाटच पडलो. राजपुत्र बोलत असताना ही ऐकत होती! गाणारी नटमंडळी कुठं कुणाचं ऐकतात? ऑर्गनवाला सूर कधी देतोय याच्याकडं कान लावून उभी असतात. मंदा त्याच्या तोंडाकडं बघत होती, आणि तो खोटं बोलायला लागला तेव्हा तिनं नुसती नजर पाण्याकडं वळवली. पाणी म्हणजे रंगवलेला पडदा, पण मी पण तिकडं बघितलं. माझ्या शेजारच्या खुर्चीतली बाई चष्मा पुसायला लागली.

मग तिसऱ्या अंकातलं नावेचं पद आलं. राजपुत्र मेल्याचा निरोप आलेला आहे आणि पुष्करिणी घाटाच्या पायरीवर बसून नाव खुंट्याला बांधते आहे. भीमपलास. इतर कुणी असती तर उठून, पुढं येऊन, प्रेक्षकांकडं तोंड करून गायली असती. ही बसूनच राहिली. हातांनी दोराची गाठ मारणं चालू, आणि गाठ खरी, मागावरचा तुटलेला धागा जोडतात तसली झपाट्यानं मारलेली. वर गळ्यातून तान चाललेली. हातांना जणू दुःखाची बातमी अजून पोचलीच नव्हती. मग शेवटच्या ओळीत गाठ पुरी झाली, हात थांबले, आणि तिनं अर्धी ओळ गाऊन सोडून दिली. उरलेली ऑर्गननं एकट्यानं पुरी केली.

सभागृहात टाचणी पडली तर ऐकू आली असती. आणि त्या शांततेत कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "वन्समोर!"

तो मी होतो.

शपथेवर सांगतो, तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर तो मला कळला. पण तोवर साडेसहाशे माणसांनी तो उचलला होता. विंगेत गुरुजी दोन्ही हात जोरजोरात हलवून नको नको म्हणत होते. मंदानं तिकडं पाहिलं नाही. तिनं आवाज आला त्या बाजूला, म्हणजे माझ्या टेबलाकडं पाहिलं. दिव्याच्या उजेडात मी तिला स्पष्ट दिसलो असणार, समोर घंटा असलेला माणूस. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. लहान पोराला उचलून खांद्यावर घेतलं की दिसतं तसं काहीतरी. तिनं बांधलेली गाठ सोडली आणि पद पहिल्यापासून घेतलं. दुसऱ्यांदा ते आणखी चांगलं झालं. दहा मिनिटं उरल्याची घंटा मी द्यायची होती, ती दिलीच नाही. मी गाणं ऐकत होतो.

पडदा पडला. बेहेरेबाईंनी माझ्याकडं वळून विचारलं, "वेळ?"

घड्याळ माझ्या मुठीत होतं. दोन तास एकोणसाठ मिनिटं म्हटलं असतं तर तपासणार कोण होतं? बाईंचं स्वतःचं घड्याळ दुरुस्तीला माझ्याच दुकानात पडलेलं! पण घड्याळजीनंच खोटी वेळ सांगायची म्हटल्यावर मग राहिलं काय.

"तीन तास, तीन मिनिटं, चाळीस सेकंद," मी म्हणालो.

"मग संघ बाद," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

गुरुजींना आत बोलावलं. त्यांच्या मागोमाग मंदा आली, रंग तसाच तोंडावर. "चूक माझी हाय, बाई," ती म्हणाली. "गुरुजी नको म्हणत हुते, मीच बघितलं न्हाई. त्यास्नी काय बोलू नगा." गुरुजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

मला ते बघवेना. "बाई," मी म्हणालो, "पहिला वन्समोर मी दिला. आणि घंटासुद्धा दिली नाही."

बाईंची ती भुवई वर चढली. पाच मिनिटं त्यांनी माझी अशी काही खरडपट्टी काढली, की ती इथं सांगत नाही. पण बोलता बोलता त्या थांबल्या आणि इतर दोघा परीक्षकांकडं वळल्या. "पण मग यात मुलीचा दोष काय? नियम ज्यानं पाळायला लावायचा तोच वन्समोर म्हणतो म्हटल्यावर तिनं काय समजायचं? घंटा झालेली नाही. हा प्रयोग आपल्या माणसानं बिघडवला." तिघांची कुजबुज झाली. निकाल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला होता. विट्याच्या संघानं सकाळी नऊला पूर्ण प्रयोग पुन्हा करावा, असं ठरलं.

"आणि चौगुले, तुम्ही उद्या नाट्यगृहात पाऊल ठेवायचं नाही. आत नाही, रंगपटात नाही, त्या संघातल्या कुणाशी बोलायचं नाही. शब्द द्या."

मी शब्द दिला. आनंदानं दिला. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं मला. बाहेर आलो तर मगदूम उभा. त्याला सगळं सांगितलं.

"ते झालं," तो म्हणाला, "पर उद्या परत तेच हुईल की ओ. आपली माणसं काय तोंड मिटून बसतील व्हय?"

खरंच होतं ते. ते नावेचं पद ऐकून सांगलीचा माणूस गप्प बसणं म्हणजे उंदरानं खोबरं राखण्यासारखं. पुन्हा साडेसहा मिनिटं गेली की पोरगी पुन्हा बाद, आणि या वेळी दया कोण दाखवणार? मग आम्ही दोघं सायकलवर निघालो. गणपती पेठ, हळदीचे अडते, खणभाग, वखारभाग, जिथं जिथं नाटकवेडा माणूस राहतो तिथं तिथं गेलो. प्रत्येकाला एकच सांगितलं, "उद्या नऊला या, पण वन्समोर म्हणायचं नाही. पोरीचं भलं व्हायचं असेल तर तोंड बंद." लोक माझ्याकडं बघून हसत. "हे तुम्ही सांगताय?" पण सगळे हो म्हणाले. कुणी म्हणालं, शेजारच्यालाही सांगतो. मगदूमनं वाटेत आपली भर घातली, टाळ्या वाजवण्यातही वेळ जातो, तेव्हा टाळ्याही नकोत. मला ते पटलं. पेठेच्या त्या टोकाला पोचेपर्यंत निरोप असा झाला होता, की खोकलासुद्धा दाबून धरायचा. दिवेलागणीला घरी आलो तो पाय भरून आलेले, आणि मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

सकाळ रविवारची. नाट्यगृह गच्च. मी बाहेर, बाजूच्या दाराची एक फळी निसटली होती तिथं कान लावून उभा. पहिलं पद झालं. एक आवाज नाही. दुसरं झालं. नाही. मला भरून आलं. म्हटलं, वा रे माझी सांगली! पाचशे-सहाशे माणसं, त्यांतली निम्मी माझ्यासारखी बेशिस्त, एका परक्या गावच्या पोरीसाठी हात मांडीखाली घेऊन बसलीत. असं कुठं झालं असेल का?

पहिल्या अंकानंतर मगदूम बाहेर आला. "बघितलंसा? माशी शिंकंना!"

दुसरा अंक मात्र मला वेगळा लागायला लागला. आदल्या दिवशी राजपुत्राच्या बोलण्यानंतर ती जी थांबत होती, ती थांबेना. वाक्यं लगेच येत होती. वरच्या सुराची ती खरखर नाहीशी झाली होती, कारण वरच्या सुराला ती जातच नव्हती. दुसऱ्या मध्यंतरात मगदूमला म्हटलं, "अरे, आवाज बारीक का वाटतोय हिचा?"

"सकाळचा गळा, तापाय वेळ लागतो."

"तसं नाही वाटत. तिला कुणी सांगितलंय ना?"

"काय?"

"हेच, लोक गप्प का आहेत ते."

मगदूम घुटमळला. "तुम्ही सांगितलं नाहीसा?"

"मला बोलायला बंदी आहे. मला वाटलं तू."

"मला वाटलं गुरुजींस्नी म्हाईत असंल. सगळ्या गावाला म्हाईत हाय की!"

रंगपटाचं दार तिथून वीस पावलांवर होतं. मी दहा पावलं गेलो. दाराशी समितीचा माणूस उभा होता, आणि मी बाईंना शब्द दिला होता. माझ्यामुळं ही मुलगी एकदा बाद झाली होती, परत तेच झालं तर? मगदूमला म्हटलं, तू जा. तोवर तिसरी घंटा झाली आणि दार लागलं. आज मला वाटतं, शब्द मोडायला हवा होता. तेव्हा मी परत फळीशी जाऊन उभा राहिलो.

नावेचं पद तिनं तीन मिनिटांत उरकलं. ताना नाहीत. शेवटची ओळ अर्धी सोडली नाही, पुरी म्हणून टाकली, पाहुण्यांसमोर म्हणायला लावलेली कविता मूल म्हणून टाकतं तशी. नंतर सभागृहात ती शांतता. फळीतून ती माझ्या अंगावर आली. मी बाहेर उभा राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं, कशासाठी कोण जाणे. दोन तास एकोणपन्नास मिनिटांत नाटक संपलं. अकरा मिनिटं हातची राहिली.

संध्याकाळी पाचला निकाल लागला. शिष्यवृत्ती मिरजेच्याच एका मुलाला मिळाली. चांगला गायचा तो, त्याचा काही दोष नाही. विट्याच्या संघाला नेपथ्याचं प्रशस्तिपत्रक मिळालं. मंदा पुढं गायली नाही. मागावर बसली, लग्न झालं, आता तिचा नातू कॉलेजात आहे, असं विट्याचं एक गिऱ्हाईक दुकानात आलं तेव्हा कळलं. पण हे सगळं नंतरचं.

त्या संध्याकाळी निकाल लागला आणि मी शब्दातून मोकळा झालो. मागच्या अंगणात गेलो. विट्याची माणसं टेम्पोत सामान चढवत होती. गुरुजी घाटाच्या पायऱ्या दोरीनं आवळत होते. मंदा वल्ही घेऊन उभी होती.

गुरुजींनी मला पाहिलं आणि हात जोडले. "माफ करा साहेब. आमच्यामुळं तुम्हाला चारचौघांत बोलणी खावी लागली. गाव रागावणारच. मी मंदाला पहिल्या पदानंतरच सांगितलं, लोक चिडलेत आपल्यावर, त्यांच्या माणसाचा अपमान झाला म्हणून. तू लक्ष देऊ नको, तू गात राहा."

"गुरुजी, चिडलं कोण?" मी म्हणालो. "कुणी चिडलं नव्हतं. आम्ही घरोघर जाऊन सांगितलं होतं गप्प बसा म्हणून. वेळ जाऊ नये, पोरगी बाद होऊ नये म्हणून. सगळे तुझ्यासाठी गप्प होते, मंदा."

ती माझ्याकडं वळली. "सगळी?"

"सगळी. टाळीसुद्धा नको असं ठरलं होतं."

"म्हंजी आवडलं न्हाई असं नव्हतं?"

"नव्हतं गं."

"मला वाटलं, काल तुम्ही वराडला ती चेष्टाच हुती." तिनं वल्ही टेम्पोच्या फळीला टेकवली. रडली नाही, रागावली नाही. खरंच कळत नसल्यासारखं तिनं विचारलं, "मग काका, मला का न्हाई सांगितलं?"

गुरुजींनी तिला ड्रायव्हरशेजारी बसवलं, आणि टेम्पो निघून गेला.

आदल्या संध्याकाळी मी सांगलीत साठएक दारं वाजवली होती. विट्याची मंडळी मारुती रोडच्या धर्मशाळेत उतरली होती, आणि त्या दारावरून मी दोनदा गेलो होतो. आत कुणीतरी हलक्या आवाजात नावेच्या पदाची सुरुवात घोकत होतं. मी सायकल थांबवून मिनिटभर ऐकलं, आणि अजून किती जणांना निरोप द्यायचा राहिलाय म्हणून पुढं गेलो.